बारा वाजू द्यायचे नाहीत

तुमच्या हातात टीपकागद आहे. काम एवढंच, की समोरच्या गृहस्थांनी सही करून पेन उचललं की वाकायचं, ओल्या शाईवर टीपकागद दाबायचा आणि तो जाडजूड ग्रंथ पुढच्या गृहस्थांसमोर सरकवायचा. २५ मार्च १९५७, सोमवारची संध्याकाळ. रोममध्ये पाऊस लागून राहिलाय आणि कॅपिटोलिन टेकडीवरच्या या दालनात ओल्या लोकरी कोटांचा वास कोंडलाय. भिंतभर जुनं चित्र आहे. दोन नगरांचं भांडण सैन्यं कापून काढण्याऐवजी दोन्हीकडचे तीन-तीन भाऊ लढवून मिटवलं, ती होरेशी आणि क्युरेशी यांची रोमन कथा. सामाईक बाजारपेठेच्या करारासाठी हे दालन ज्याने निवडलं, त्याला दाद द्यायला हवी.

बेल्जियमचे स्पाक सही करतात. मग फ्रान्स, मग जर्मनीचे ८१ वर्षांचे आदेनॉवर. ग्रंथ सरकवताना तुमचा अंगठा चुकून मधल्या पानांत शिरतो आणि पानं थोडी फाकतात. कोरं पान. त्याखालचंही कोरं. वरचं एक पान छापलेलं, सह्यांचं पान छापलेलं आणि मधला सगळा गठ्ठा पांढराशुभ्र.

तुम्ही मान वर करत नाही. टीपकागद दाबता आणि पुढे सरकता.

चार भाषांतला मजकूर वेळेत छापून झालेला नाही, इतकंच कारण आहे. बोलणी आधीच झालीत, कलमं ठरलीत, छापखाना तेवढा मागे राहिला. पण कोऱ्या कागदावर सही करू नये हे आपल्याकडे सावकारांनी पिढ्यान् पिढ्या शिकवून ठेवलंय, त्यामुळे तुमच्या हाताला घाम फुटतो. सहा देश. त्यातले चार दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तुडवलेले, पाचवा आधी जर्मनीच्या बाजूने लढून मग उलटलेला आणि सहावा खुद्द जर्मनी. युद्ध संपून बारा वर्षंही झालेली नाहीत.

एवढा भरवसा आला कुठून, हे बघायला सात वर्षं मागे सरका. ९ मे १९५०, पॅरिस. परराष्ट्र खात्यातल्या घड्याळाच्या दालनात तुम्ही वार्ताहरांच्या गर्दीत उभे आहात आणि पुढे रॉबेर शूमन हळू आवाजात एक निवेदन वाचतायत. हा माणूस लक्झेंबर्गमध्ये जन्मला, तारुण्यात जर्मन नागरिक होता आणि पहिल्या महायुद्धानंतर अल्सास-लोरेन फ्रान्सकडे गेल्यावर फ्रेंच झाला. सरहद्दच त्याच्या अंगावरून गेली. निवेदनाचा मसुदा ज्यां मोने यांचा. कोन्याकच्या ब्रँडी व्यापाऱ्याचा हा मुलगा, कधी निवडणूक न लढवलेला. मुद्दा असा, की फ्रान्स आणि जर्मनीचा सगळा कोळसा आणि पोलाद अधिकाऱ्यांच्या एका सामाईक मंडळाखाली आणायचं आणि दुसऱ्या कोणाला यायचं असेल त्याला दार उघडं ठेवायचं. तोफ ओतायला पोलाद लागतं, पोलादाला कोळसा लागतो. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत गेला, की शेजाऱ्याला न कळता तोफ ओतता येत नाही. वाड्यातल्या भावकीने भांडणाचं मूळ असलेली विहीरच सामाईक करून टाकावी, तसं. प्रेम वाढण्याची वाट बघत कोणी बसलं नाही.

गंमत म्हणजे त्या संध्याकाळचे फोटोच नाहीत. आज पुस्तकांतून दिसतात ते शूमन यांना नंतर पुन्हा वाचायला बसवून काढलेले आहेत.

आता पुढे या. ३१ डिसेंबर १९६१ची रात्र, ब्रुसेल्स. या वेळी तुम्ही दुभाषे आहात. काचेच्या खोपटात बसलाय, कानावर हेडफोन, समोर पाण्याचा पेला. काचेपलीकडे सहा देशांचे मंत्री आणि युरोपीय कमिशनचे शेतीचे प्रमुख सिको मान्सहोल्ट. मान्सहोल्ट स्वतः शेतकरी, आणि युद्धानंतर साडेबारा वर्षं हॉलंडचे शेतीमंत्री. पोट रिकामं असलेला देश त्यांनी चालवून पाहिलाय.

वाद कशावर? गहू, डुकराचं मांस, कोंबड्या, अंडी, फळभाज्या, वाइन. फ्रान्सकडे धान्य उतू जातंय, त्याला जर्मन गिऱ्हाईक हवंय. जर्मनीतला शेतकरी महाग पिकवतो, त्याला संरक्षण हवंय. डचांना लोणी विकायचंय. रोमच्या करारानुसार सामाईक बाजारपेठेचा दुसरा टप्पा १ जानेवारीला सुरू व्हायला हवा, आणि शेतीचं ठरल्याशिवाय दुसरा टप्पा नाही, असं म्हणून फ्रान्स अडून बसलाय. तारीख पाळली तर शेतीचं राहतं, शेतीचं करत बसलं तर तारीख जाते.

बारा वाजत येतात. आणि ब्रुसेल्सच्या त्या खोलीतलं घड्याळ थांबवलं जातं.

कायद्याच्या दृष्टीने ३१ डिसेंबर अजून चालू आहे. बाहेर नवीन वर्ष उजाडतं, आत बारा वाजलेले नाहीत. आपल्या भाषेत ‘बारा वाजले’ म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जानेवारीचा पहिला आठवडा जातो, दुसरा सरतो, आत डिसेंबरच. तुम्ही अर्ध्या तासाने माइक दुसऱ्याकडे देता, कॉफी पिता, परत बसता आणि ‘कापलेली, सोललेली, पण न शिजवलेली कोंबडी’ हे जर्मनमधून फ्रेंचमध्ये पाचव्यांदा म्हणता. चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच. फक्त इथे उसाबरोबर माणूसही पिळून निघतो. त्या वेळच्या नोंदींत हिशेब आहे: चर्चेचे १३७ तास, उपसमित्यांचे २१४, कागदाची ५ लाख ८२ हजार पानं आणि हृदयविकाराचे तीन झटके.

कामाची रीत मात्र इथे नीट बघून घ्या, कारण ती आजही बहुतांशी तशीच आहे. प्रस्ताव लिहायचा तो कमिशनने. निर्णय घ्यायचा तो मंत्र्यांनी. पण कमिशनच्या प्रस्तावात त्याच्या मनाविरुद्ध बदल करायचा तर सगळ्या मंत्र्यांचं एकमत लागतं. म्हणून मान्सहोल्ट टेबलाच्या टोकाला बसून प्रस्ताव पुन्हा पुन्हा लिहितात. जर्मनांसाठी इथे एक अपवाद, इटालियनांसाठी तिथे एक मुदतवाढ. कोणालाच बाहेर पडायचा रस्ता उरू नये इतपत प्रत्येकाला थोडं थोडं द्यायचं. यात युरोपीय संसदही होती. आधी नुसती सल्ल्यापुरती, मग १९७९पासून लोकांनी थेट निवडलेली. आज बहुतेक कायद्यांना तिचीही मंजुरी लागते. तरी रात्र जागवणं सुटलेलं नाही.

१४ जानेवारीच्या पहाटे निकाल लागतो. सामाईक भाव, आपला माल आधी आणि खर्च एका तिजोरीतून. आपल्या भाषेत हमीभाव आणि सरकारी खरेदी. (पुढे या हमीभावाने लोणी इतकं साठलं की लोक त्याला डोंगर म्हणू लागले. साखरेच्या गोदामांची गोष्ट ठाऊक असलेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटू नये.) आपल्याकडे त्याच दिवशी संक्रांत. तिळगूळ वाटायची चाल ब्रुसेल्सला नाही, पण गोड बोलून बोलून थकलेली माणसं तुम्हाला जिन्यात भेटतात.

साडेतीन वर्षांनी हाच खेळ उधळतो, तो झटपट बघून घ्या. ३० जून १९६५, पुन्हा शेतीच्या पैशांची मुदत, पुन्हा मध्यरात्र. या वेळी अध्यक्षपद फ्रान्सकडे आहे. इतरांना अजून बोलायचंय, पण फ्रेंच मंत्री पहाटे दोनच्या सुमारास बैठक गुंडाळतात. घड्याळ कोणी थांबवत नाही. नंतरचे सात महिने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा माणूस मंत्र्यांच्या बैठकीला येतच नाही. टेबलावर फ्रान्सची पाटी, मागे रिकामी खुर्ची. इतर पाच जण मोठा निर्णय घ्यायला धजत नाहीत. खरं कारण शेती नव्हतंच. १९६६च्या जानेवारीपासून बऱ्याच गोष्टी बहुमताने ठरणार होत्या, मोठ्या तिघांना चार-चार मतं, बेल्जियम-हॉलंडला दोन-दोन, लक्झेंबर्गला एक, सतरापैकी बारा पडली की ठराव पास. फ्रान्सला आपल्यावर कोणी मात केलेली नको होती. लक्झेंबर्गमध्ये तोडगा निघाला तो असा: फार महत्त्वाच्या प्रश्नावर एकमत होईपर्यंत बोलत राहू, आणि एकमत झालंच नाही तर काय, यावर आपलं एकमत नाही, एवढं लिहून ठेवू. भिजत घोंगडं म्हणजे काय ते दाखवायला इतका नेमका कागद सापडणार नाही. त्याच घोंगड्याखाली ते पुढे जवळजवळ वीस वर्षं झोपले.

त्या झोपेची किंमत कोण मोजत होतं? फेब्रुवारी १९८४मध्ये मों ब्लां बोगद्याच्या अलीकडे, फ्रान्सच्या बाजूला तुम्ही ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलाय. काचेवर आतून वाफ, बाहेरून बर्फ. मागच्या ट्रकवाल्याने रस्त्यातच चूल पेटवलीय. हॉर्न वाजवून कंटाळलेले ड्रायव्हर आता गप्प आहेत. इटालियन कस्टमवाल्यांनी नियमावर बोट ठेवून सावकाश काम करायचं ठरवलंय, आणि त्याला कावलेल्या ड्रायव्हरांनी गाड्या आडव्या लावून आल्प्समधले रस्तेच बंद केलेत. डॅशबोर्डवर कागदांचा गठ्ठा: मालाचा दाखला, कराचा दाखला, वजन, आरोग्य, प्रत्येकाच्या प्रती, प्रत्येकावर शिक्का. सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्ही ज्यावर टीपकागद दाबला, त्या कराराने दोन्ही देशांतली जकात केव्हाच रद्द केलीय. तरी ट्रक उभा आहे. मुलुंडच्या जकात नाक्यावर ज्याने रात्र काढलीय, त्याला ही थंडी सोडून बाकी सगळं ओळखीचं वाटेल.

या गर्दीची झळ वर पोहोचली. त्याच वर्षी फ्रान्स-जर्मनीने आपसातली तपासणी हळूहळू काढायचं ठरवलं, आणि १४ जून १९८५ला लक्झेंबर्गच्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीवर ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या बोटीत पाच देशांनी सह्या केल्या. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग तिथेच एकमेकांना भिडतात. मोठं कोणी आलेलं नाही, सह्या करणारे दुय्यम मंत्री. शेंगेन व्हिसासाठी बँक स्टेटमेंट जोडताना ज्या गावाचं नाव तुम्ही लिहिता, ते हे, द्राक्षमळ्यांतलं लहानसं गाव. पुढचं भरभर झालं. बाजारपेठेचे नियम बहुमताने ठरवायला १९८६च्या कराराने वाट मोकळी केली, १९९३पासून माल सरहद्दीवर अडेनासा झाला, २००२मध्ये खिशात युरो आला. बहुमताचा आजचा हिशेब असा: सत्तावीसपैकी पंधरा देश आणि त्यांत मिळून ६५ टक्के लोकसंख्या. परराष्ट्र धोरण, कर आणि नवा सभासद घेणं मात्र अजूनही एकमताशिवाय नाही.

आणि ही चौकट आपल्या अंगणापर्यंत येते. १ मे २०१४, महाराष्ट्र दिन, लंडनमधलं साउथॉल. तुम्ही हापूसची पेटी घ्यायला आलाय. दुकानाबाहेर कलिंगडं आहेत, भेंडी आहे, पण पेट्यांची थप्पी असायची ती जागा धुऊन स्वच्छ केलेली. कारलं नाही, पडवळ नाही, वांगी नाहीत, अळूची पानं नाहीत.

“अहो, हापूस?” तुम्ही विचारता.

“बंद केलाय ना युरोपवाल्यांनी,” शेजारच्या काकू दुकानदाराच्या आधी सांगतात. “आता अळूवडी करायची कशाची? पालकाची?”

“पण हे तर इंग्लंड आहे.”

“तेच तर!”

काकूंचं ‘तेच तर’ हा युरोपीय संघ समजायचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. २०१३मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या २०७ खेपांत फळमाशी किंवा अशीच कीड सापडली. सगळ्या देशांच्या वनस्पती-आरोग्य तज्ज्ञांच्या समितीत चर्चा झाली आणि आंब्यासह पाच पिकांना बंदी घातली गेली. हीथ्रोवर पेटी उघडून बघणारा निरीक्षक ब्रिटिश, पगार ब्रिटिश सरकारचा, पण नियम तेव्हाच्या अठ्ठावीस सभासद देशांचा, कारण लंडनला उतरलेली माशी पुढे स्पेनच्या बागेत जायला पासपोर्ट दाखवत नाही. आत तपासणी काढली की बाहेरची भिंत सगळ्यांची एकच होते. ब्रिटनला वाटलं म्हणून त्याने आपल्यापुरता हापूस सोडला, असं होत नाही. (वाटलंही नव्हतं. काचघरातल्या टोमॅटो-काकडीची काळजी त्यांनाच जास्त होती.) कमिशनकडे माणसं फार नाहीत, मुंबई महापालिकेकडे त्याहून जास्त आहेत. नियम ब्रुसेल्स लिहितं, राबवतात देश.

आणि नियम लिहिणाऱ्याची ताकद काय असते, ते निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला विचारा. २०१०मध्ये ‘लिहोसीन’ या फवारणीच्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले, तेव्हापासून ‘रेसिड्यू’ आणि ‘एमआरएल’, म्हणजे अंश आणि त्याची कमाल मर्यादा, हे त्याच्या बोलीतले शब्द आहेत. रॉटरडॅमला माल उतरायचा तर कोणत्या दिवशी फवारणी थांबवायची, हे तो ब्रुसेल्सच्या आकड्याकडे बघून ठरवतो. त्याने त्या संसदेला कधी मत दिलेलं नाही. हापूसची बंदी २०१५च्या जानेवारीत उठली, पॅकहाउस सुधारल्यावर, पुन्हा त्याच समितीत मत पडून. पुढे ब्रिटन स्वतःच ३१ जानेवारी २०२०ला संघातून बाहेर पडला, आणि टेबलावरची त्याची पाटी निघाली.

युरोतून बाहेर पडायची वेळ त्याआधी कर्जात बुडालेल्या ग्रीसवर आली होती. जुलै २०१५, अथेन्स. एटीएमच्या रांगेत तुमच्यापुढे अकरा माणसं. दिवसाला ६० युरोच मिळतात, पण विसाच्या नोटा संपल्यात, म्हणजे हातात पन्नास. पुढच्या आजोबांनी कार्ड रुमालात गुंडाळून आणलंय. नोट ग्रीसची आहे आणि ग्रीसची नाहीही. ती छापायचा हुकूम फ्रँकफुर्टहून निघतो. पूर्वी तोटा झाला की देश आपल्या चलनाचा भाव पाडून वेळ मारून न्यायचा, ती सोय तिजोरी एक नसताना चलन एक करून टाकल्याने गेली. रोमच्या कोऱ्या पानांपैकी मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे पान. ते घाईने भरलं आणि बिल त्या आजोबांच्या रांगेत आलं. १२ जुलैला दुपारी ब्रुसेल्समध्ये युरोवाल्या देशांचे नेते बसले ते सतरा तासांनी, सोमवारी सकाळी उठले. पहाटे जर्मनीच्या मर्केल आणि ग्रीसचे त्सिप्रास दोघंही उठून निघाले होते, तेव्हा बैठकीचे अध्यक्ष टुस्क यांनी त्यांना खोलीबाहेर जाऊ दिलं नाही, असं नंतर छापून आलं. अट कडक होती, ग्रीसने ती गिळली आणि युरोत राहिला.

आता शेवटची खोली. १४ डिसेंबर २०२३, ब्रुसेल्स, संध्याकाळ. तुम्ही दाराबाहेरच्या मार्गिकेत आहात. आत सत्तावीस खुर्च्या, सगळ्या सारख्याच, साडेसहा लाख वस्तीच्या लक्झेंबर्गची आणि आठ कोटींहून जास्त वस्तीच्या जर्मनीची. त्यातल्या एकीवर आयर्लंडचे लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. आणखी एकीवर पोर्तुगालचे आंतोनियु कॉश्ता, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. कोकणपट्टीतून निघालेली दोन आडनावं एकाच टेबलाशी. (कॉश्ता तर वर्षभरात याच टेबलाचे अध्यक्ष होणार आहेत.) विषय युक्रेनला सभासदत्वाची बोलणी सुरू करायची का, हा. सव्वीस तयार. हंगेरीचे ओर्बान नाही म्हणतायत, आणि इथे एक नाही पुरतो.

तासन्‌तास जातात. मग जर्मनीचे शोल्झ सुचवतात, की ओर्बान यांनी जरा बाहेर जाऊन कॉफी घ्यावी.

दार उघडतं. तुमच्यासमोरून ते जातात. पाठीमागे दार लागतं आणि आत सव्वीस जण निर्णय घेऊन मोकळे होतात. खोलीत नसलेल्याचा नकार मोजायचा नसतो. १९६५मध्ये रिकाम्या खुर्चीने सगळं अडवलं होतं, या वेळी खुर्ची रिकामी झाली म्हणून काम झालं. ओर्बान यांना विरोध नोंदवता आला, इतरांना एकमत नोंदवता आलं, आणि दोघांचंही घरी सांगायचं भाषण तयार झालं. हे पवित्र आहे का? नाही. पण १९५७च्या दालनात भिंतीवर तलवारी होत्या.

ओर्बान परत आत जातात. आता पुढचा विषय, युक्रेनसाठी ५० अब्ज युरो. त्यावर ते पुन्हा नाही म्हणतात, आणि या वेळी उठत नाहीत. मध्यरात्र उलटून गेलीय. काचेच्या खोपटातला दुभाषा हेडफोन काढून शेजारणीच्या हातात देतो, ती माइक चालू करते, आणि तुमच्या शेजारी कॉफीच्या यंत्रात कोणीतरी नव्याने दाणे भरतं.